आईचा तोल मोजला, रिपोर्ट लाल आलाय. पडायचा धोका असा खरंच मोजता येतो का?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाव खानापूर तालुक्यात, मी नोकरीसाठी पुण्याला. आई गावीच असते, वय ७२. काका-काकू शेजारच्या खोल्यांत आहेत, पण आई तिचं सगळं तीच बघते, अजून भाताच्या बांधावर चक्कर मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. साखर आहे, दहा-बारा वर्षं गोळ्या चालू आहेत. गेल्या श्रावणात न्हाणीत पडली. हाड वाचलं, खुब्याला मुका मार बसला.

त्यानंतर बेळगावात ज्येष्ठांसाठी एक शिबिर होतं, तिथं काकू तिला घेऊन गेली. एका चौकोनी प्लेटवर अनवाणी उभं केलं. आधी डोळे उघडे, मग मिटून. मग प्लेटवर जाड फोम टाकून पुन्हा तसंच दोन वेळा. प्रत्येक वेळी ३० सेकंद. हातात कागद दिला त्यात असं आहे:

कडक प्लेट, डोळे उघडे: वेग १.२ सेंमी प्रतिसेकंद, क्षेत्र ३.९ चौ. सेंमी
कडक प्लेट, डोळे मिटून: वेग ३.१, क्षेत्र १४.६
फोम, डोळे उघडे: वेग १.९, क्षेत्र ७.२
फोम, डोळे मिटून: पूर्ण झाली नाही

खाली लाल पट्टी आणि ‘पडण्याचा धोका: जास्त’. कागद बघून आईनं धसका घेतलाय. बांधावर जायचं बंद, देवळात जायचं बंद. ‘मशीननं सांगितलंय’ म्हणते. मला कळत नाही की सरळ उभ्या माणसाचा वेग म्हणजे नक्की कशाचा वेग? आणि ३० सेकंद उभं राहिल्यावरून वर्षभरात कोण पडणार हे सांगता येतं का? इथं कोणी जाणकार असेल तर सांगा.

संकेश्वरी_मिरची

लाल पट्टी छापायला काय लागतंय वो. हिरवी छापली तर पॅकेज कोण घेणार? कागदाच्या पाठीमागं ‘बॅलन्स थेरपी, बारा बैठका’ असं काही आहे का बघा. आमच्या सासऱ्यांना एके ठिकाणी असंच उभं केलं आणि आठ हजार सांगितले. ७० च्या पुढं माणूस डोलणारच की.

मलप्रभाकाठ

आहे. दहा बैठका.

टिळकवाडी_फिजिओ

पॅकेजचं नंतर बोलू. मलप्रभाकाठ दादा, आकड्यांकडे जायच्या आधी मला दोन गोष्टी हव्यात. काकूंना फोन करून नीट विचारा.

एक, आई पडल्या त्या क्षणी नक्की काय करत होत्या? ‘न्हाणीत घसरली’ एवढं नको. उभ्या होत्या का वाकल्या होत्या, हात कुठं होते, डोळे उघडे होते का, उजेड होता का.

दोन, चालताना त्यांची चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर त्यांना कळतं का?

मलप्रभाकाठ

ताई, आत्ताच काकूशी बोललो. आई उभ्यानं आंघोळ करते, पाटावर बसायला गुडघे देत नाहीत. तोंडाला साबण लावला होता, डोळे गच्च मिटलेले. हंड्यातलं पाणी घ्यायला तांब्या बुडवणार तेवढ्यात बाजूला कलंडली. फरशी ओली होती, पण पाय घसरला नाही असं आईच म्हणते, ‘तोलच गेला’.

आणि चपलेचं तुम्हाला कसं कळलं? शेतातून येताना एक चप्पल मागं राहिली होती. चार पावलं चालून आल्यावर पायाकडं बघितलं तेव्हा कळलं. घरात सगळे हसले होते.

टिळकवाडी_फिजिओ

आता तुमच्या कागदाला अर्थ आला.

आपण उभे राहतो ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरीवर. डोळे, आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय, आणि तळपाय-घोट्यातून मणक्यामार्गे मेंदूकडे जाणारी जाणीव. तिन्ही नीट असतील तर एखादी गेली तरी बाकीच्या दोघी भागवतात. तुम्ही-आम्ही अंधारात उभे राहतो ते पायांच्या भरवशावर.

आईंचं बघा. कडक जमिनीवर डोळे उघडे असताना १.२ हा त्यांच्या वयाला फार वाईट आकडा नाही. डोळे मिटल्याबरोबर ३.१, म्हणजे अडीचपटीहून जास्त. याचा सरळ अर्थ असा की आजवर त्या डोळ्यांच्या जोरावर उभ्या होत्या. पायांकडून येणारी खबर कमी पडतेय. एवढी वर्षं साखर, आणि निसटलेली चप्पल कळत नाही, म्हणजे तळपायाच्या नसांवर परिणाम झाला असण्याची शक्यता मोठी. चपलेचा प्रश्न आम्ही मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटला विचारतो. यंत्राआधी तोच बोलतो.

ही तपासणी नवीन नाही. बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग या डॉक्टरानं १८४० च्या दशकात लिहून ठेवलंय की मणक्याचा एक विशिष्ट आजार झालेल्या रोग्याला पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगितलं की तो डोलू लागतो, पडतो. तेव्हापासून ती रोम्बर्ग चाचणी. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, ही तक्रारसुद्धा डॉक्टर लोक फार पूर्वीपासून ओळखून आहेत. तुमच्या आईंनी साबण लावून न्हाणीत तीच परीक्षा दिली, फक्त धरायला कोणी नव्हतं.

फोमवर डोळे मिटून जमलं नाही याचा फार धसका घेऊ नका. फोम पायांची खबर बिघडवतो, मिटलेले डोळे दुसरी बंद करतात, उरतो फक्त आतला कान. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात मोठ्या पाहणीत हीच परीक्षा घेतली होती, ४० च्या पुढची ३५ टक्के माणसं त्यात नापास झाली. ७२ व्या वर्षी न जमणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मात्र पावसाळ्यात भाताच्या चिखलात, संध्याकाळी उजेड गेल्यावर त्यांनी एकटीनं जाऊ नये, एवढं त्यातून नक्की घ्या. चिखलसुद्धा पायांची खबर बिघडवतो. दिवसाउजेडी, काठी घेऊन, कोरड्या बांधावर जाऊ देत की.

लोडसेल

इथं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, विद्यार्थ्यांकडून अशी प्लेट बनवून घेतली आहे, म्हणून ‘वेग कशाचा’ याचं उत्तर मी देतो.

प्लेटच्या चार कोपऱ्यांत चार वजनमापक असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. तुम्ही पुढं झुकलात की पुढच्या दोघांवर भार वाढतो, उजवीकडं झुकलात की उजव्या दोघांवर. चारी आकड्यांवरून तुमचा सगळा भार प्लेटवर कुठल्या एका बिंदूतून जातोय ते निघतं. हा बिंदू कधीच स्थिर नसतो. सेकंदाला शंभर वेळा त्याची जागा टिपली की कागदावर पोरानं गिरगटल्यासारखी रेघ उमटते. त्या रेघेची लांबी भागिले वेळ म्हणजे तुमच्या कागदावरचा ‘वेग’. आणि ज्या लंबगोलात त्यातले साधारण ९५ टक्के बिंदू मावतात त्याचं क्षेत्रफळ म्हणजे ‘क्षेत्र’.

आता गंमत बघा. हा बिंदू म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य नव्हे. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळला असाल. काठी पुढं कलली की हात तिच्याही पुढं न्यावा लागतो, तेव्हा ती मागं येते. इथं काठी म्हणजे शरीर आणि हात म्हणजे घोट्यांनी ढकलला जाणारा तो बिंदू. म्हणून बिंदू नेहमी शरीरापेक्षा जास्त पळतो. रेघ लांब म्हणजे माणूस जास्त डोलतोय असंही असेल, आणि तोल राखायला घोटे जास्त धडपडतायत असंही असेल. नुसत्या रेघेवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

माझे प्रश्न वेगळे आहेत. पाय कसे ठेवायला सांगितले होते? जुळवून की फाकवून? समोर बघायला काही खूण होती का? आजूबाजूला गर्दी, बोलणं? एकदाच घेतलं की तीनदा घेऊन सरासरी काढली? पायांत चार बोटांचं अंतर वाढलं तरी आकडा खाली येतो. प्लेट सतरंजीवर ठेवली तर तो आकडा टाकून द्यायचा.

मलप्रभाकाठ

सर, मांडवात होतं. गर्दी होतीच. एकदाच घेतलं. काकू म्हणते पोरगी कन्नडमधून सांगत होती, ‘नेट्टग निंदर्री, कण्ण मुच्चरी’, म्हणजे सरळ उभ्या राहा, डोळे मिटा. आईला बाजारापुरतं कन्नड येतं, पण तिथं गोंधळली. डोळे मिटल्यावर मध्येच मान वळवून काकूला विचारलं, ‘काय म्हणतीया ही?’ काकूनं सांगितलं. मग परत सरळ उभी राहिली. यंत्र चालूच होतं.

लोडसेल

संपलंच की मग! मान वळवून बोलली तेवढ्या दोन-तीन सेकंदांत रेघ एका बाजूला लांब उडी मारते. क्षेत्राचा आकडा अशा एका उडीनं सहज फुगतो. तुमच्या ३.१ आणि १४.६ मध्ये आजार किती आणि ‘काय म्हणतीया ही’ किती, हे त्या कागदावरून कोणीही सांगू शकणार नाही. अशी फेरी रद्द करून पुन्हा घ्यायची असते. आमच्याकडं पोरं शिंक आली तरी फेरी रद्द करतात.

सीमाभागी

म्हणजे रिपोर्टसुद्धा भाषेमुळं चुकला. सूचना मराठीत द्यायला काय होतंय यांना? खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायका...

कुंदाप्रेमी

सीमाभागी दादा, त्यावर वेगळा धागा काढा, तिथं येतो. इथं आईचं चाललंय.

बाकी ती पोरगी पण बिचारी सकाळपासून शंभर जणांना ‘कण्ण मुच्चरी’ करत बसली असेल.

टिळकवाडी_फिजिओ

लोडसेल सरांचं म्हणणं मान्य, आकडा अडीचपट नसेल, कमी असेल. पण चप्पल आणि साबण मान वळवल्यामुळे झाले नाहीत. म्हणून परीक्षा पुन्हा घ्या, आणि त्याआधी तीन गोष्टी करून घ्या. तळपायाची तपासणी (१० ग्रॅमचा नायलॉन धागा टेकवून आणि १२८ हर्ट्झचा थरथरणारा चिमटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर धरून करतात, पाच मिनिटांचं काम), रक्तातलं बी-१२, आणि डोळे. आई माळकरी आहेत का? शाकाहारात बी-१२ कमी पडतं, साखरेवरच्या मेटफॉर्मिननं ते आणखी खाली जाऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं की पायाची खबर नेणाऱ्या मणक्यातल्या त्याच तारा बिघडतात.

गुरुजींची_बाई

मी निवृत्त शिक्षिका, चिकोडीकडची. धागा वाचून राहवलं नाही. आमच्या यजमानांना पार्किन्सन आहे. त्यांचीही अशीच प्लेटवर तपासणी झाली होती आणि रिपोर्ट चक्क चांगला आला. डोलणं कमी, पट्टी हिरवी. आम्ही निर्धास्त झालो. त्याच महिन्यात स्वयंपाकघरातून वळताना पडले, मनगट मोडलं. मग या यंत्रावर विश्वास ठेवायचा कसा?

टिळकवाडी_फिजिओ

बाई, तुम्ही या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात.

कमी डोलणं म्हणजे चांगला तोल, हे समीकरणच कच्चं आहे. पार्किन्सनमध्ये स्नायू ताठ असतात. ताठ माणूस शांत उभा असताना कमी डोलू शकतो. पण त्याला हलका धक्का बसला, किंवा वळायचं झालं, की वेळेवर पाऊल टाकून सावरणं जमत नाही. प्लेट शांत उभं राहणं मोजते, यजमान पडले ते वळताना. म्हणून पार्किन्सनमध्ये डॉक्टर मागं उभं राहून खांदे झटकन मागं ओढून बघतात, किती पावलांत सावरतो ते. ती परीक्षा घरी कोणी करू नये, पेशंट थेट अंगावर येतो.

भीतीचंही तसंच. माणसांना उंच फळीवर उभं करून केलेले प्रयोग आहेत. भीतीनं शरीर आखडतं, हेलकावे छोटे होतात पण भरभर होतात. क्षेत्राचा आकडा सुधारलेला दिसतो, माणूस मात्र घाबरलेला असतो. मलप्रभाकाठ दादा, तुमच्या आईंनी बांध सोडला, देऊळ सोडलं. सहा महिने अशा घरात बसल्या तर पायातली ताकद जाईल, आणि कदाचित पुढच्या वेळी पट्टी हिरवी येईल. मला त्या हिरव्या पट्टीची जास्त काळजी वाटेल.

आकड्यांत बघायचंच असेल तर पुढं-मागं किती यापेक्षा डावी-उजवीकडं किती हे बघा. म्हाताऱ्या माणसांना वर्षभर नजरेखाली ठेवून केलेल्या अभ्यासात बाजूचं डोलणं पुढं पडण्याशी जास्त जुळलं होतं. बाजूला पडणारा माणूस खुब्यावर पडतो, तुमच्या आई तशाच पडल्या.

लोडसेल

सहमत. आणि म्हणूनच एका आकड्यावर लाल-हिरवं करणारं सॉफ्टवेअर मला पटत नाही. ती सीमारेषा कुठल्या लोकांवरून ठरवली, त्यांचे पाय किती अंतरावर होते, काही लिहिलेलं नसतं. त्याच माणसाची त्याच प्लेटवर, तशाच पद्धतीनं तीन महिन्यांनी घेतलेली परीक्षा ताडून बघायला हे यंत्र उत्तम. दोन वेगळ्या ठिकाणचे कागद शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

निपाणीची_लेक

आमच्या मावशीचं वेगळंच आहे, इथं विचारलं तर चालेल का? निपाणीत विड्या वळते, सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. दुपारी जेवायला उठली की डोळ्यापुढं अंधारी येते, भिंत धरते. एकदा उंबऱ्यावर पडली. बीपीची गोळी आहे. तिलाही प्लेटवर उभं करावं का?

टिळकवाडी_फिजिओ

आधी प्लेट नको, बीपीचं यंत्र घ्या. पाच मिनिटं आडवी झोपवून बीपी बघा. मग उभी करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत बघा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठल्यावर रक्तदाब पडतोय. ते आकडे घेऊन डॉक्टरांकडं जा, गोळीची वेळ किंवा मात्रा ते बदलतील. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. तोवर उठताना आधी पाय लांब करून दहा-वीस वेळा पंजे वर-खाली करायचे, मग भिंत धरून उठायचं, आणि लगेच चालायला लागायचं नाही.

मावशी प्लेटवर उभी राहीपर्यंत अंधारी निघून गेलेली असेल, तिथं सगळं ठीक दिसेल.

निपाणीची_लेक

थँक्यू ताई. पाणीपण कमी पिते, सारखं उठायला लागू नये म्हणून. आज तिला सांगते.

वडगावचा_माग

ज्यांच्या जवळ प्लेट नाही, शिबिर नाही, त्यांनी काय करायचं? आमच्या घरी दोघं म्हातारे आहेत, आणि मी मोबाईलवरचं एक ॲप बघुलोय, कमरेला फोन बांधून तोल मोजतंय म्हणं.

लोडसेल

फोन कमरेची हालचाल टिपतो, प्लेट पायाखालचा भार. दोन्ही आकडे वेगळ्या जातीचे. एकाच माणसाची आजची आणि महिन्यानंतरची तुलना करायला ठीक आहे, पण फोन त्याच जागी, तितकाच घट्ट बांधला तर. ॲपनं ‘धोका ६८ टक्के’ वगैरे सांगितलं तर दुर्लक्ष करा.

स्वस्तात प्लेटच हवी असेल तर खेळाची जुनी बोर्ड मिळाली तर बघा. निन्टेंडोचा वी बॅलन्स बोर्ड, २००७ साली जपानात आला होता. त्यातही चार कोपऱ्यांत चार लोडसेल आहेत. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० मध्ये तो प्रयोगशाळेतल्या महागड्या प्लेटशी ताडून बघितला, उभ्या तोलासाठी आकडे चांगले जुळले. आमच्या पोरांनी तर वजनकाट्यातले ५० किलोचे चार लोडसेल काढून, एचएक्स७११ नावाची चिप लावून प्लायवर बसवलेत. ती चिप सेकंदाला ८० वेळा वाचते, या कामाला पुरतं. प्लायऐवजी जाड लोखंडी पत्रा घ्या, प्लाय लवतो.

टिळकवाडी_फिजिओ

सरांना सगळ्या घरांत वर्कशॉप दिसतं 😀

माग दादा, घड्याळ आणि खुर्ची पुरे. हातांची खुर्ची, तिथून ३ मीटरवर खडूची रेघ. नेहमीच्या चालीनं उठून रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर लक्ष द्यायला हवं. वेळेपेक्षाही मी वळणं बघते. एका दमात वळतात की पाच-सहा छोटी पावलं टाकत वळतात?

मग ओट्याशी उभं करून चार पायऱ्या, प्रत्येकी १० सेकंद: पाय जुळवून, एक पाऊल अर्धं पुढं, एकापुढं एक सरळ रेषेत (टाचेला अंगठा लागलेला), आणि शेवटी एका पायावर. तिसरी पायरी १० सेकंद जमली नाही तर धोका वाढलेला समजायचा. शेजारी कोणीतरी उभं पाहिजे, हात न लावता पण धरता येईल असं. जरा डोललं की थांबवायचं.

पण खरं सांगू का, यातली कुठलीही एक परीक्षा एकटीनं भविष्य सांगत नाही. आमच्याकडं १४ कृतींची बर्गची मोजपट्टी आहे, १९८९ पासून वापरात. ५६ पैकी ४५ च्या खाली गेलं की धोका असं शिकवलं जायचं, पण ४८ वाले पण पडतात आणि ४० वाले काठी घेऊन वर्षं काढतात. त्या सगळ्या परीक्षांच्या आधी साधा प्रश्न असतो: गेल्या वर्षभरात पडलात का? ज्याचं उत्तर ‘हो’ आहे त्याच्याकडं लक्ष द्या, आकडे काही का असेनात.

संकेश्वरी_मिरची

मग मी सुरुवातीला तेच म्हणुलोय की वो. मशीनची गरज काय?

टिळकवाडी_फिजिओ

गरज आहे, मिरची दादा, पण ‘पडणार का’ हे सांगायला कमी आणि ‘कशामुळे’ हे शोधायला जास्त. डोळे मिटल्यावर बिघडतंय, फोमवर बिघडतंय की शांत उभं असताना सगळं ठीक आणि वळताना बिघडतंय, यावरून मी कुठला व्यायाम द्यायचा ते ठरवते. लाल पट्टी कात्रीनं कापून टाका, वरच्या चार ओळी ठेवा.

दहा बैठकांबद्दल: फक्त त्या प्लेटवर उभं राहून स्क्रीनवरचा ठिपका हलवणार असतील तर मी घेणार नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा घरी करायचा कार्यक्रम बसवलेला आहे, पायांची ताकद आणि तोल, हळूहळू कठीण करत नेलेला. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा निघाला त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पण तो व्यायाम तोलाला आव्हान देणारा पाहिजे. खुर्चीत बसून हात वर-खाली केल्यानं तोल सुधारत नाही.

आईंसाठी: दूध तापेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली, मग एकापुढं एक पाय ठेवून उभं राहणं. जमायला लागलं की दोन्ही हातांऐवजी एक हात, मग एक बोट. खुर्चीतून हात न लावता उठणं. हे रोज. आधी एकदा कोणाला तरी दाखवून घ्या.

लोडसेल

‘एक बोट’ यावरून आठवलं. १९९४ सालचा एक सुंदर प्रयोग आहे. लोकांना एका स्थिर दांडीला फक्त बोटाचं टोक टेकवायला दिलं, १०० ग्रॅमहून कमी भार, म्हणजे आधार म्हणून काहीच नाही. तरी डोलणं लक्षणीय कमी झालं. बोटाच्या टोकाकडून ‘तू हललास’ एवढी खबर मेंदूला पुरते. आमच्या प्लेटवर पोरांनी करून बघितलं, रेघ लगेच आकसते. ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांना बोटांचा हा मार्ग उरतो. तुमच्या आईला सांगा, साबण लावताना डाव्या हाताचं बोट भिंतीला.

गुरुजींची_बाई

आणि तोंडाला साबण सगळ्यात शेवटी, बसून लावायचा. उभ्यानं आंघोळ हवी कशाला? प्लास्टिकचं उंच स्टूल मिळतं, रबरी बूच असलेलं. आम्ही आणलंय.

मलप्रभाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, गावी जाऊन आलो.

आईला बेळगावला एका शांत दवाखान्यात परत उभं केलं, सूचना मराठीत, तीन-तीन फेऱ्या. डोळे उघडे १.१, मिटून २.२. म्हणजे दुप्पट आहेच, पण अडीचपटीच्या वर नाही. लोडसेल सर, तुमचं बरोबर निघालं. आणि ताई, तुमचंही. अंगठ्यावर चिमटा धरला तर आईला काहीच कळलं नाही, घोट्यावर थोडं कळलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याची तारीख घेतली.

मी आईसमोर तो पहिला कागद घेऊन बसलो आणि खालची पट्टी खरंच कापली. ‘मग मी बांधावर जाऊ काय?’ हा पहिला प्रश्न. सकाळी नऊनंतर, काठी घेऊन, पायात मागून पट्टा असलेली सँडल घालून जायचं ठरलंय. काठी धरायला लाजते. ‘म्हातारी झाले काय?’ म्हणते.

आता शेवटचा प्रश्न. न्हाणीत दांडी बसवायचीय. गवंडी म्हणतो टॉवेलची स्टीलची दांडी आहे तीच धरू दे की, चांगली मजबूत आहे.

वडगावचा_माग

अजिबात नको. टॉवेलची दांडी दोन बारक्या स्क्रूवर असते. माणसाचा भार आला की भिंतीसकट येते. धरायची दांडी वेगळी मिळते, जाड, खरबरीत. जुनी मातीची भिंत असेल तर स्क्रू धरणार नाही, आरपार बोल्ट टाकून मागून पट्टी लावायला लागेल. चिकटवायच्या रबरी वाट्यांची दांडी तर आणूच नका, ओल्या भिंतीवर कधी सुटेल सांगता येत नाही.

मलप्रभाकाठ

भिंत मातीचीच आहे, वरून सिमेंटचा गिलावा. मागच्या बाजूला गोठा आहे, तिकडून पट्टी लावता येईल. उंची किती?

टिळकवाडी_फिजिओ

पुस्तकातला आकडा नको. आईंना स्टुलाशेजारी उभं करा, हात सैल सोडायला सांगा, मनगटाची घडी येते तिथं भिंतीवर खूण करा. एक दांडी त्या उंचीला आडवी, स्टुलाजवळ. दुसरी दारातून आत पाऊल टाकतात तिथं उभी. खूण तुम्ही स्वतः करा, गवंड्यावर सोडू नका, तो त्याच्या उंचीनं लावेल. आणि न्हाणीतला बल्ब बदला, पहाटे त्या डोळ्यांवरच उभ्या असतात.

संकेश्वरी_मिरची

बल्ब इन्व्हर्टरवर घ्या दादा. पावसाळ्यात खानापूरला लाईट किती वेळ असते ते आम्हाला माहीत आहे.